वर उभा राहिलेला माणूस

४ मार्च

चिमण्या,

फिल्मचे डबे आजच पार्सलने पाठवले. पत्र आधी पोचेल, म्हणून सांगते, डबे उन्हात ठेवू नकोस आणि तुमच्या कँटीनवाल्याला त्यांवर पातेली ठेवू देऊ नकोस.

फिल्मचं नाव ‘हवा’. कागद कारखान्यांसाठी केलेली सुरक्षेची फिल्म आहे, पण लिहिताना डोळ्यांपुढे तूच होतास. लगद्याच्या टाकीत चोंदलेला पंप मोकळा करायला एक जण उतरतो आणि विषारी वायूने कोसळतो. त्याचा जिवलग मित्र मागचापुढचा विचार न करता त्याला वाचवायला उडी घेतो आणि स्वतःच जातो. तिसरा मात्र वरच उभा राहतो. तो हवेचा मास्क मागवतो, दोर बांधतो, मग उतरतो आणि पहिल्याला जिवंत बाहेर काढतो. शेवटी पाटी येते, ‘आधी हवा तपासा. मास्क नसेल तर उतरू नका.’

गेल्या वर्षी एकाच टाकीत एकामागून एक चार जण गेले, हे तू वाचलं असशील. पहिला सोडला तर बाकीचे तिघे वाचवायला उतरलेले. त्यांच्यावरून मला ही सुचली. आमच्या फिल्म विभागाचे साहेब खूश आहेत, स्पर्धेला पाठवू म्हणतात.

तू आता कारखान्यात पाळीप्रमुख झाला आहेस, तर बहिणीचं एक काम कर. फिल्म लागली की पडद्याकडे पाहू नकोस, माणसांकडे पाहा. आणि मला खरंखरं कळव.

तुझी ताई

०

१५ मार्च

ताई,

अगं काय बनवलंस तू! कँटीनची टेबलं भिंतीला लावून आमच्या घरची चादर पडद्यासारखी टांगली. तुझी वहिनी अजून कुरकुरते आहे, कारण खिळ्यांनी चादरीला भोकं पडली. पण दोन्ही पाळ्यांची माणसं आली, बायकापोरं आली, खिडकीत लोंबकळून बघणारे वेगळेच.

तो मित्र शर्ट काढून फेकतो आणि “मी आहे ना!” म्हणून आत उडी घेतो, तेव्हा अशा शिट्ट्या पडल्या की आवाजच ऐकू येईना. पुढे त्याची बायको दारात उभी असते आणि ते व्हायोलिन वाजतं, तिथे तर आमचा बॉयलरवालासुद्धा डोळे पुसत होता. आमचा फिटर तुला माहीत आहे, ज्याला आम्ही त्याच्या आवाजावरून बाजा म्हणतो. तो दुसऱ्या दिवसापासून त्या नटासारखी छाती काढून चालतो. कोणी पाना मागितला तरी म्हणतो, “मी आहे ना!” त्याचा धाकटा भाऊही आमच्याकडेच कामाला आहे, तो त्याच्यामागून तस्साच चालतो.

लोकांनी पुन्हा लावायला लावली. येत्या शनिवारी तिसरा खेळ आहे. एवढंच की, तो वर उभा राहणारा माणूस कोणाला आवडला नाही. “भेकड मेला,” असं मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. तुझी वहिनी म्हणाली, “पण शेवटी त्यानेच वाचवलं ना?” तिचं कोणी ऐकलं नाही.

आता बक्षीस तुलाच. पेढे पाठव.

चिमण्या

०

२२ मार्च

चिमण्या,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेबांनी ते मागून घेतलं. “लोक रडले म्हणजे फिल्म पोचली,” म्हणाले. मीही दिवसभर हवेत होते.

पण घरी आल्यावर तो ‘भेकड’ शब्द काही डोक्यातून जाईना. अरे, तोच तर माझ्या फिल्मचा नायक आहे! त्याने केलं तसंच करायचं असतं. मी त्याला मुद्दाम साधा ठेवला, साधा चेहरा, साधं बोलणं. आणि उडी घेणाऱ्यासाठी देखणा नट घेतला, तो गेल्याची हळहळ वाटावी म्हणून. संगीतवाल्याने व्हायोलिन घातलं, मी म्हटलं असू दे, मन हलेल.

माझं एक ऐक. चार जणांना गाठ आणि नुसतं विचार, फिल्म काय सांगते? तू स्वतः काही सुचवू नकोस. ते बोलतील तेच लिही.

ताई

०

६ एप्रिल

ताई,

विचारलं. तू परीक्षा घ्यायला सांगितलीस आणि इकडे सगळेच पेपर कोरे निघाले.

बाजा म्हणाला, “दोस्ती. दोस्तासाठी जीव द्यावा, हे सांगते.” गोदामातली बाई म्हणाली, “मालक लोक किती नालायक असतात, ते दाखवलंय. मास्क जवळ असता तर कोण मेलं असतं?” चौकीदाराचं म्हणणं, ज्याच्या कपाळी जे लिहिलंय ते चुकत नाही. मॅनेजरसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, “कामगार ऐकत नाहीत, स्वतःच्या चुकीने मरतात आणि बोल आम्हाला लावतात. चांगली फिल्म आहे. पुन्हा दाखव.”

आणि पाटीचं म्हणशील, तर ती येते तेव्हा सगळे नाक पुसत, पोरं शोधत, चपला शोधत उठलेले असतात. मी स्वतः तीन खेळांत ती एकदाच पूर्ण वाचली आहे.

शाळेतून येताना पोरं नाल्याशी ‘टाकी-टाकी’ खेळतात. उडी कोण मारणार यावरून भांडतात. वर उभं राहायला कोणीच तयार नसतं, मग सगळ्यात लहान पोराला जबरदस्तीने उभं करतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. करमणूक झाली, तेही काही कमी नाही. आणि मास्कचं म्हणशील तर आमच्याकडे आहेत. कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली मॅनेजरच्या खोलीत. चोरीला जातात म्हणे.

चिमण्या

०

१२ एप्रिल

चिमण्या,

फिल्म बंद कर. ताबडतोब. पुन्हा एकदाही लावू नकोस, मॅनेजरने सांगितलं तरी नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी प्रोजेक्टरवर फिल्म लावून एकटीने पाहिली, तुमच्या कँटीनमध्ये बसल्यासारखी. शिट्टी कुठे पडते, डोळे कुठे भरतात, ते बघत गेले. अरे, मी ‘उतरू नका’ सांगायला निघाले आणि ‘उतरा’ सांगून बसले. साहेबांकडे धावले. म्हटलं, सगळ्या प्रती परत मागवा. ते म्हणाले, “बाई, तुम्ही दमला आहात. स्पर्धेचा निकाल लागू द्या.” मी हात जोडले. त्यांनी पंखा मोठा केला.

म्हणून तुझ्यापुरतं तरी बघते. मला वचन दे. टाकीत कोणीही पडो, तुझा कितीही जवळचा असो, तू वर उभा राहा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आणि ते कुलूप काढायला लाव. मॅनेजरशी भांड, नाहीतर फोड.

उत्तर लगेच टाक. मी वाट बघते आहे.

ताई

०

३ मे

वन्सं,

पत्र ह्यांनी लिहायला हवं होतं, पण हे लिहीत नाहीत. बोलतही नाहीत. तुमचं पत्र उत्तराविना उशीखाली तसंच पडून आहे.

चोवीस तारखेला दुपारी टाकीचा पंप चोंदला. पंपवाला उतरला आणि आवाज न करता खाली बसला. बाजा जवळच होता. वरून आरडाओरडा झाला तेव्हा तो काय म्हणाला असेल, ते मी लिहायला नको. शर्टसुद्धा त्याने तसाच काढून फेकला. दोघेही गेले, वन्सं.

बाजाचा धाकटा भाऊ धावत आला. तोही उतरणार होता. ह्यांनी त्याला कमरेला मिठी मारून पाडलं आणि त्याच्यावर बसून राहिले. त्याने ह्यांच्या हाताला चावून मांस काढलं, तरी ह्यांनी सोडलं नाही. दुसऱ्यांना हे ओरडून सांगत होते, मास्क आणा, मास्क आणा. मॅनेजर जेवायला गेलेले, किल्ली खोलीत नव्हती, त्यांच्याच खिशात होती. कपाट फोडून मास्क येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच आहे. “फिल्ममधल्या त्या भेकडासारखाच निघाला. दोस्त मरत होता आणि हा वर उभा होता.” आमच्या दारावर कोणीतरी कोळशाने उभ्या माणसाचं चित्र काढून ठेवलं. पुसलं तर पुन्हा काढलं. बाजाच्या बायकोकडे मी डबा घेऊन गेले, तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, “तुझा आहे ना घरी? मग जा.”

काल हे दाढी करायला बसले आणि वस्तरा हातात घेऊन नुसतेच बसून राहिले. मी वस्तरा लपवला आहे. सुऱ्या शेजारणीकडे ठेवायला गेले, तर तिनेही दार लोटलं. वन्सं, मला काही सुचत नाही. काहीतरी करा.

तुमची वहिनी

०

९ मे

चिमण्या, माझ्या राजा,

दोनदा रजा मागितली, मिळाली नाही. चौकशी समितीपुढे फिल्मबद्दल जबाब द्यायचा आहे, म्हणून मला शहर सोडू नका असं लेखी दिलं आहे. पत्राशिवाय माझ्या हातात काही नाही, म्हणून तूच समोर बसला आहेस असं समजून लिहिते.

तू काही चुकीचं केलं नाहीस. तुझ्यामुळे एक जण जिवंत आहे. तुला भेकड ठरवलं ते लोकांनी नाही, मी ठरवलं. देखणा चेहरा एकाला दिला, दुसऱ्याला दिला नाही. एकाच्या मागे वाद्यं वाजवली, दुसऱ्याच्या मागे पंपाची घरघर. मग तू टाकीच्या काठावर उभा राहिलास तेव्हा लोकांनी तुला कुठल्या माणसात घालायचं, ते आधीच ठरून बसलं होतं.

मी ती पुन्हा कापेन. नवी करेन. वर उभ्या राहणाऱ्याची गोष्ट करेन, त्याच्या घरची, त्याच्या हातावरच्या जखमेची. लोकांना कळेलच.

एक ओळ लिही. नुसतं ‘आहे’ लिही.

ताई

०

२० मे

ताई,

आहे.

नवी फिल्म करू नकोस. मला कोणी पडद्यावर नको. उद्या तू मला देव केलंस तरी लोक त्यात आपल्याला हवं तेच बघतील, आणि बाजाच्या बायकोला तर तो मेलेलाच दिसेल.

तू म्हणतेस, मी चुकलो नाही. तसं मला सांगता येत नाही. मी वर उभा राहिलो ते शहाणपणाने की भीतीने, हे मलाच ठाऊक नाही. त्या वेळी तुझी पाटी आठवली नाही. आठवला तो तुझा साध्या चेहऱ्याचा माणूस आणि मागून आलेली ती ‘भेकड मेला’ची हाक. आता मला हेच म्हणणार, एवढं डोक्यात आलं. तरीही पाय हलले नाहीत. धाकटा माझ्या खाली तडफडत होता, आणि खरं सांगू का, त्याला धरून बसायला मिळालं याचं मला बरं वाटत होतं. मला दुसरं काही करावं लागत नव्हतं.

बाजाचा आवाज एकदाच आला. काय म्हणाला ते कळलं नाही. गल्लीतला प्रत्येक जण मला येऊन सांगतो, तो काय म्हणाला असेल. कोणी म्हणतं, माझं नाव घेतलं. कोणी म्हणतं, शिवी दिली.

आता कामाचं. मॅनेजरने समितीला लिहून दिलंय की कामगारांना चार वेळा फिल्म दाखवली, तरी ते उतरले, म्हणजे दोष मेलेल्यांचा. कुलपाचा उल्लेखही नाही. तुला विचारतील, तेव्हा खरं सांग. फिल्म कोणालाही तशी कळली नव्हती, हे सांग. कुलपाचंही सांग.

चिमण्या

०

२२ मे

वन्सं,

ह्यांना न सांगता लिहिते. पाया पडते, ह्यांचं ऐकू नका.

समितीपुढे तुम्ही सांगा की फिल्म अगदी स्वच्छ आहे, लहान पोरालाही कळेल अशी आहे, आणि माझ्या भावाने ती नीट समजून घेतली म्हणून तो वर उभा राहिला. तसं कागदावर आलं तर ह्यांच्या बाजूने काहीतरी राहील. तुम्ही जर म्हणालात की फिल्म उलटीच कळत होती, तर मग हे कशाच्या जोरावर उभे राहिले? नुसत्या भीतीच्या, असंच होईल ना?

मेलेली माणसं गेली, वन्सं. माझा माणूस अजून आहे. जेमतेम आहे.

वहिनी

०

१४ जून

चिमण्या,

काल जबाब झाला. तुझ्या बायकोला सांग, तिचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि तिथे जिना चढेपर्यंत तिचंच ऐकायचं ठरवलं होतं.

लांब टेबल, मध्ये अध्यक्ष, एका बाजूला तुमचे मॅनेजर, दुसऱ्या बाजूला बाजाचा धाकटा भाऊ. त्याच्या अंगावर भावाचाच कोट असावा, खांद्यात मोठा होत होता. माझे साहेब मागे बसलेले. आधी फिल्म दाखवली. उडीच्या ठिकाणी समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

अध्यक्षांनी विचारलं, “बाई, तुमची फिल्म काय सांगते?”

मी म्हटलं, “मला काय सांगायचं होतं ते विचारता, की लोकांना काय कळलं ते?”

“दोन्हींत फरक असेल तर फिल्म केलीत कशाला?”

मॅनेजर हसले. मी त्या डोळे पुसणाऱ्या गृहस्थांकडे वळले. “साहेब, आत्ता तुम्हाला कोणासाठी रडू आलं? वर उभा राहिला त्याच्यासाठी?” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग मी सगळं सांगितलं. शिट्ट्या, व्हायोलिन, नाल्यावरची पोरं, आणि कपाटाचं कुलूपही. म्हटलं, ज्यांनी ही फिल्म मनापासून पाहिली तेच उतरले. त्यांना आज्ञा मोडणारे म्हणू नका. त्यांनी फिल्मचंच ऐकलं. साहेब उठून बाहेर गेले.

बाहेर जिन्याशी धाकट्याने मला गाठलं. मला वाटलं, आभार मानेल. तो म्हणाला, “फिल्म उलटी कळते, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“हो. अपघाताच्या आधी दहाबारा दिवस.”

“तुमच्या भावाला कळवलं होतं?”

“हो.”

“मग आम्हाला कोण सांगणार होतं?”

मी कठड्याला धरून उभी राहिले आणि तो खाली उतरून गेला.

फिल्मला बक्षीस मिळालं. साहेबांनी घेतलं. मला रिळं दुरुस्त करायच्या खोलीत बसवलं आहे. प्रती अजून गावोगाव फिरतात, फाटल्या की माझ्याकडे येतात. आलेल्या प्रत्येक प्रतीतून मी ती उडी आणि ते व्हायोलिन कापून टाकते. ते कापल्यावर फिल्म मधेच अडखळते. ती बघून आता लोकांना काय कळत असेल, मला काहीच अंदाज येत नाही.

तुझी बायको मला माफ करणार नाही. तिला जबरदस्ती करू नकोस.

ताई

०

८ ऑगस्ट

ताई,

उशीर झाला. बरंच काही झालं, म्हणून.

समितीने मेलेल्यांवरचा दोष काढला. कुलपाचा ठपका मॅनेजरवर ठेवला, त्यांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. कपाटाचं दारच काढून नेलंय. माझ्याबद्दल कागदात काही नाही, चांगलंही नाही आणि वाईटही. तुझी वहिनी बरेच दिवस तुझं नाव घेत नव्हती. परवा मुलाच्या कपड्यांची घडी करताना म्हणाली, “वन्संना सर्दीचा त्रास होतो, त्यांना तेल पाठवायला हवं.” तेवढंच.

धाकटा तुला जिन्याशी जे बोलला, ते मी पुष्कळ दिवस उराशी घेऊन बसलो. मग एक दिवस त्याच्या घरी गेलो. दार बाजाच्या बायकोने उघडलं. मला बघून ती आत गेली, पण दार लावलं नाही. धाकटा चुलीपाशी बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं.

“ताईचं पत्र मला अपघाताच्या आधी मिळालं होतं. फिल्म बंद कर, असं तिने लिहिलं होतं. मी बंद केली. पण तुम्हाला म्हणालो, प्रोजेक्टरचा दिवा गेला. खरं सांगितलं नाही. तुम्ही हसाल, असं वाटलं. बहिणीच्या पत्राला घाबरतो, म्हणाल असं वाटलं. कुलपाचंही मॅनेजरला एकदाच विचारलं. ते खेकसले, मी परत आलो.”

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, “हसलो असतो. दादाच सगळ्यांत आधी हसला असता.” आतून बाजाच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. मला कोणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने मीच निघालो.

मी कामावर जातो. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. दारावरचं चित्र पावसाने गेलं, पुन्हा कोणी काढलं नाही.

भावाच्या जागेवर धाकट्याला फिटर केलं आहे. गेल्या सोमवारी पंप पुन्हा चोंदला आणि त्यालाच उतरायचं होतं. हवा तपासली, मास्क चढवला, कमरेला दोर बांधला. नव्या मॅनेजरने दोर बॉयलरवाल्याच्या हातात दिला. धाकट्याने मास्क खाली ओढला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “वर हा उभा राहू दे. नाहीतर मी उतरत नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बॉयलरवाला गालात हसला, जणू टोमणाच ऐकला. गोदामातली बाई मान खाली घालून डोळे पुसत होती, तिने काहीतरी वेगळंच ऐकलं असावं. धाकट्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मला भेकड म्हणायचं होतं, की माझ्याच हातावर त्याचा विश्वास होता, की मला पुन्हा त्याच काठावर उभं करून बघायचं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोर घेतला.

तो आत असेपर्यंत मी दुसरीकडे बघितलं नाही. काम उरकून तो वर आला, नळाखाली तोंड धुतलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेला. उद्याही उतरायचं आहे. त्याने पाळी लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवलंय, मला त्याच्याच पाळीला ठेवायचं म्हणून.

चिमण्या